मागं वळून बघणारा माऊली

आमच्या खुटबावात जावई पुष्कळ आले. कुणी जीप करून आला, कुणी बैलगाडीतून, एक तर उसाच्या ट्रॅक्टरवर उभा राहून आला आणि दिवसभर अंगातला पाला झटकत बसला. पण अर्ध्या चड्डीत, सायकलवर, बारा जणांच्या टोळक्यात सगळ्यांत शेवटी आलेला जावई एकच. तात्याबाचा माऊली.

माऊली भीमेच्या पलीकडचा, शिरूर तालुक्यातला. न्हावऱ्याच्या बाजूला त्यांची वस्ती. त्याचे आजे-पणजे मेंढरांमागं कोकणापर्यंत जाऊन यायचे. बापानं विहीर खणली, उसाच्या चार सऱ्या धरल्या आणि घराणं एका जागी बसलं. माऊलीचे पाय मात्र बसले नाहीत. रांजणगावला कारखाने आले तसा तो तिथं लागला. कंपनीची गाडी दारावरून जायची, पण हा गडी ऊन असो थंडी असो सायकलनंच कामाला. गाडीतले लोक खिडकीतून हात हलवायचे आणि हा चढावर त्यांच्याशी शर्यत लावायचा.

दुसरी खोड बडबडीची. मशीनच्या आवाजात दिवसभर कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, त्यामुळं आठ तासांचं बोलणं त्याच्या पोटात साठून राहायचं. सुट्टीचा भोंगा झाला की ते सगळं बाहेर. ऐकायला बायको, चांगुणा. आमच्या तात्याबाची थोरली. चवळीच्या शेंगेसारखी बारीक, आणि बोलायला त्याच्या उलट. तो बोलायचा, ती "हं" म्हणायची. बाजाराला जाताना ती सायकलच्या कॅरियरवर एका अंगाला बसायची. पुढं बडबड, मागं "हं". रस्त्यावरच्या लोकांना दुरूनच कळायचं, माऊली आला.

अशी ही चांगुणा अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात एका संध्याकाळी एकटीच एसटीतून उतरून माहेरी आली. पिशवीत बाजाराची वांगी, आणि एका चपलेचा अंगठा तुटलेला. शेवंताबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं, "काय झालं गं?"

"त्यास्नी इचारा," एवढंच चांगुणा म्हणाली आणि वांगी चिरायला बसली.

आता मला सांगा, एवढ्या उत्तरावर गावानं गप्प कसं बसावं? बानूबाई आमची शेजारीण. तिला कळलेली बातमी एसटीच्या आधी पुढच्या थांब्यावर पोचते. तिनं तुटक्या चपलेवरूनच सगळा तपास लावला. "मारलं असंल. पळताना तुटली." दुसरी म्हणाली, सासूनं छळलं असेल. तिसरीनं तर रांजणगावला माऊलीला एक दुसरीही शोधून दिली, तिच्या रंगरूपासकट. तात्याबा ऐकून घ्यायचा आणि आतल्या आत खंगायचा. जावई पितो की काय, हात उगारतो की काय, दुसरं घर करतो की काय. तीन काट्यांवर तो माणूस रोज झोपत होता.

आमच्या वस्तीचा रिवाज असा, की रुसून आलेली लेक अशीच धाडायची नाही. नवऱ्यानं चार माणसं घेऊन यावं. अंगणात घोंगडं अंथरायचं. त्यावर दोन्हीकडच्यांनी बसायचं आणि झालं ते खरं सांगायचं. मिटल्याशिवाय कुणी घोंगड्यावरून उठायचं नाही आणि तोवर पानं वाढायची नाहीत. भुकेपुढं भलेभले खरं बोलतात, हा त्यातला हिशेब. तात्याबानं निरोप धाडला, "चार माणसं घेऊन या, घोंगड्यावर बसा, बोला आन् घेऊन जावा."

माऊली आला नाही. भाद्रपद गेला, दिवाळी गेली, तरी आला नाही. कारण घोंगड्यावर बसलं की झालं ते सांगावं लागणार. आणि जे झालं होतं ते चार माणसांत सांगण्यापेक्षा त्याला भीमेत उडी टाकणं सोपं वाटत होतं.

त्यानं उडी टाकली नाही. तो भीमेच्या काठाकाठानं निघाला.

दौंडला रेल्वेत शंकरराव म्हणून एक फिटर होते. पन्नाशी उलटलेली, पण पोटऱ्या अशा की रुळाचे तुकडे वाटावेत. दर थंडीत दहा-बारा जणांना जमवून ते सायकलींवर कुठं ना कुठं लांब निघायचे. त्या वर्षी ठरवलं, भीमाशंकरला नदी उगवते तिथून निघायचं आणि कर्नाटकात ती कृष्णेला मिळते तिथवर जायचं. माऊली त्यांच्यात सामील झाला. शंकररावांचा नियम कडक होता. सगळ्यांत मागं एक भरवशाचा गडी ठेवायचा. त्यानं कुणाला मागं पडू द्यायचं नाही. हे काम त्यांनी माऊलीला दिलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

विश्रांतीचा दिवस ठरला होता दौंडला, रेल्वे कॉलनीत. शंकररावांच्या बायकोनं, राजश्रीबाईंनी, शेजारपाजारच्या गाद्या गोळा करून ठेवल्या होत्या. पण पारगावचा पूल ओलांडताना माऊली पुढं आला.

"साहेब, दौंड लांब हाय. खुटबावला थांबू. बिरोबाचं देऊळ हाय, गार सावली, आन् हिरीचं पानी तर अमृत."

आमच्या विहिरीची एवढी स्तुती ती खणणाऱ्यानंही कधी केली नसेल. ही आपली सासुरवाडी आहे, एवढं मात्र तो सांगायचं विसरला. त्याच्या मनात इतकंच होतं, की विहिरीवर पाण्याला आलेली चांगुणा लांबून तरी दिसेल. पुढचं पुढं.

शंकररावांनी बघितलं, पोरं चालताना फाकून चालतायत. कुणाच्या गुडघ्यात कळ, कुणाचं बूड सोललेलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "उद्याचा दिवस खुटबाव. देवळात जाऊन झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं काय देखावा होता! बारा सायकली उलट्या ठेवलेल्या, चाकं आभाळाकडं. बाभळीवर बारा अर्ध्या चड्ड्या वाळत. बारा गडी टॉवेल गुंडाळून ओट्यावर पालथे, एकमेकांच्या पोटऱ्या खोबरेल तेलानं चोळतायत. शंकररावांचा पुतण्या सम्राट, तोंडाचा भारी फटकळ, तो पालथ्या पालथ्या ओरडत होता, "काका, परमेश्वरानं मागची बाजू दिली ती बसायला. आता माझी ती सोयच गेली!"

पाण्याला आलेल्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. त्यांच्यात चांगुणा नव्हती. पण बानूबाई होती. तिनं टॉवेलातला माऊली ओळखला आणि घागर तिथंच ठेवून धावत सुटली.

"तात्याबा! जावय आलाय! चार मागितली व्हती, बारा मानसं घिऊन आलाय! देवळापाशी हायती. म्होरक्या पिकल्या मिशांचा हाय. लई दमानं बोलतोय. पंचच दिसतोय!"

तात्याबानं हातातला विळा तिथंच टाकला. चार महिने ज्याची वाट बघितली तो आला, आणि एकटादुकटा नाही, पंचांची पलटण घेऊन. म्हणजे प्रकरण केवढं मोठं असणार! तो एकदम खूशही झाला आणि घाबरलाही. "आक्रीतच! बारा मानसं म्हंजी सोडचिठ्ठीच मागत्यात का काय?" पण आलेला माणूस पाहुणा. त्यानं भावकी बोलावली, बोकड कापायला लावलं, शेवंताबाईला चुलीपाशी धाडलं आणि अंगणात आजोबाच्या वेळचं घोंगडं अंथरलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसलो.

जेवणाचं आमंत्रण देवळात पोचलं तेव्हा सायकलवाले हरखले. त्यांना वाटलं, नदीच्या काठानं निघाल्याबद्दल गाव सत्कार करतंय. आदल्या गावात कुणीतरी नारळ दिला होता, इथं तर मटणाचा वास येत होता. एकट्या माऊलीचा चेहरा उतरला. "मी देवळातच पडतो," तो म्हणाला. शंकररावांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "सगळ्यांनी मिळून जायचं. मागं कुणी राहायचं नाही. नियम म्हणजे नियम."

अशी वरात तात्याबाच्या अंगणात आली. शंकररावांनी हात जोडून "जय भीम" घातला, तात्याबानं "जय मल्हार" म्हटलं, आणि म्होरक्या म्हणून शंकररावांना घोंगड्याच्या मधोमध बसवलं. बाकीचे बसले. बसले म्हणजे काय, टेकले. आमचं घोंगडं म्हणजे निव्वळ काटा, त्यात त्यांची मागची बाजू सोललेली. सम्राट एकदा उजव्या अंगावर कलायचा, एकदा डाव्या.

"बोला पाव्हनं," तात्याबा म्हणाला.

शंकररावांनी घसा साफ केला आणि सत्काराला उत्तर दिलं. भीमाशंकरचं जंगल सांगितलं. नदी कशी बारीक निघते, तिला वाटेत कोणकोण मिळतं ते सांगितलं. सायकल चालवण्यानं छाती कशी मजबूत राहते ते सांगितलं. भावकी माना डोलवत होती. आमच्यातही रिवाज आहे ना, पोरीच्या विषयावर कुणी एकदम येत नाही. आधी पाऊसपाणी, मग मेंढरं, मग ऊस, मग विषय. हा माणूस तर उगमापासून सुरुवात करतोय, म्हणजे जाणता आहे, असं सगळ्यांना वाटलं. गेणबा, भावकीतला सगळ्यांत म्हातारा, माझ्या कानात म्हणाला, "मुरलेला गडी हाय. घाई न्हाई त्याला."

घाई नव्हती खरी. नदी उजनीच्या धरणात शिरली, बाहेर पडली, पंढरपूर मागं टाकून कर्नाटकाकडं निघाली. चुलीवरचा रस्सा शिजून वास अंगणभर झाला. पानं काही येईनात. सायकलवाल्यांचे डोळे स्वयंपाकघराकडं लागले. शेवटी तात्याबालाच धीर धरवेना.

"पाव्हनं, नदीचं ऱ्हाऊ द्या. ती कुठं जायाची तिकडं जाईल. माझ्या पोरीचं बोला."

शंकरराव थांबले. "कुठल्या पोरीचं?"

मग सगळ्या माना हळूहळू माऊलीकडं वळल्या. तो घोंगड्याची लोकर उपटत बसला होता.

"माऊली," शंकरराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे गाव तुझं कोण लागतं?"

"सासुरवाडी, साहेब."

"आणि हे?"

"सासरं."

"आणि विहिरीचं पाणी अमृत!" सम्राट ओरडला. "तरीच म्हणलं!"

शंकररावांनी त्याला नजरेनं दाबलं. मग गेणबानं त्यांना घोंगड्याचा रिवाज समजावला. मिटेपर्यंत उठायचं नाही, जेवायचं नाही. ते ऐकून बाराच्या बारा चेहरे असे झाले, की पुढं घाटच लागलाय. शंकरराव रागावले होते, पण माणूस कामाचा. त्यांनी मांडी बदलली, "आई गं," म्हणाले आणि माऊलीकडं वळले. "आता बसलोच आहोत तर पंच आम्ही. बोल. काय झालं?"

माऊली गप्प. जन्मात कधी गप्प न बसलेला गडी गप्प!

"पितोस?"

"न्हाई साहेब."

"हात उचललास?"

"बिरोबाची आन. न्हाई."

"दुसरी कुणी?"

"हिलाच काय काय सांगायचं ऱ्हातं रोज. दुसरीला कवा सांगू?"

"मग बोल की लेका!" सम्राट कळवळला. "माझं बूड जळतंय!"

आणि मग माऊलीनं सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. न्हावऱ्याचा बाजार करून दोघं सायकलवर निघाले. चांगुणा कॅरियरवर. तो फोरमनचा किस्सा सांगत होता, लांबलचक. चढ लागला, चढ संपला, उतार लागला. फोरमन कसा साहेबाला भ्याला, साहेब काय म्हणाला, सगळं सांगत सांगत वस्तीवर पोचला. स्टँड लावलं. म्हणाला, "उतर." आणि मागं बघितलं, तर कॅरियर मोकळं.

"वाटंत कुठं उतरली ती... ते मला ठावं न्हाई," माऊली म्हणाला. "मी घरापत्तर बोलतच व्हतो. मग उलटा गेलो, तर कुठंच दिसंना. लोकास्नी कसं इचारू, माझी बायकू बघितली का म्हनून?"

मग तात्याबाच्या पोटातून एक आवाज आला. मला वाटलं उचकी लागली. पण म्हातारा हसत होता. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, फेटा सुटून मांडीवर आला. चार महिन्यांचे तिन्ही काटे एकदम निघाले होते ना! "एवढंच व्हय? एवढंच? आरं देवा मल्हारी!" मग काय, सगळं अंगणच फुटलं. गेणबा घोंगड्यावर आडवा झाला. बानूबाई कुडाआडून हसत होती, आणि तिला हळहळही वाटत असणार, कारण तिच्या तिन्ही बातम्या एका फटक्यात वाया गेल्या होत्या.

तेवढ्यात दारात चांगुणा आली. पदर खोचलेला, हातात उलथनं. ती हसत नव्हती.

"हसताय काय? माझी चप्पल पडली. म्हनलं, थांबा. न्हाई थांबलं. म्हनून चढावर उडी टाकली. म्हनलं, आत्ता येतील माघारी. चप्पल हातात घिऊन हुबी ऱ्हायले. बाजारातलं शेवटचं मानूस गेलं तरी हुबी. मग एसटी आली, ती धरली. आबा, मी बाई हाय का गव्हाचं पोतं? अवं, पोतं पडलं तरी सायकल हलकी झाल्याली कळती!"

हसणं जागच्या जागी विरलं. चपलेच्या दुःखावर हसता येतं, या बोलण्यावर येत नव्हतं. शंकरराव मिशीवरून हात फिरवत बसले.

"पोरी," तात्याबा हळूच म्हणाला, "मग नांदायचं का न्हाई तुला? तुझ्यावरच हाय आता."

"ज्याला मागं कोन हाय का न्हाई त्याचा पत्त्या नसतो, त्याच्या मागं कशी बसू?" चांगुणा म्हणाली. हे बोलणं तिनं रागानं नाही, विचार करून केलं होतं, आणि ते माऊलीलाही कळलं.

अशा वेळी शहाण्यानं गप्प बसावं. पण सम्राट शहाणा नव्हता, भुकेला होता.

"वहिनी, काहीतरी चुकतंय बघा," तो म्हणाला. "मागं बघत नाही म्हणता? हा माणूस मागं बघण्यावरून आमचा जीव खातोय! काकांनी याला सगळ्यांत शेवटी ठेवलाय. याच्या मागं कुणी म्हणजे कुणी नसतं. तरी भीमाशंकरपासून सारखा मान वळवून मागं बघतोय. काल राजगुरूनगरच्या पुढं एका म्हशीला जाऊन धडकला. म्हटलं, कोण येतंय रे मागनं, पोलीस? तर म्हणतो, कुणी न्हाई, सवय हाय. चिडवून चिडवून दमलो आम्ही याला!"

"खरंय," दुसरा एक सायकलवाला म्हणाला. "आणि मधेच हात मागं नेऊन कॅरियर चाचपतो. मला वाटायचं पिशवी बघतो."

चांगुणानं माऊलीकडं पाहिलं. तो अजून मान खाली घालूनच होता, पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

"म्हशीला लागलं न्हाई ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," माऊली म्हणाला. "मला लागलं."

ती वळली आणि आत गेली. सगळे दाराकडं बघत राहिले. तात्याबा मला म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "थांब." आत भांड्याचा आवाज झाला. मग चांगुणा बाहेर आली ती काखेत पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन. तिनं पहिली पत्रावळ माऊलीच्या पुढं टाकली.

पानं वाढायला लागली म्हणजे मिटलं. बारा गडी घोंगड्यावरून असे उठले, जणू खालून कुणी निखारे लावले. तात्याबानं भर अंगणात शंकररावांना मिठी मारली. त्या दिवशी भावकीत आणि सायकलवाल्यांत कुणी किती भाकरी खाल्ल्या ते सांगत नाही, दृष्ट लागेल. शंकररावांनी जेवता जेवता नदी पंढरपूरपासून पुढं नेऊन कृष्णेला मिळवली, आणि आता ती सगळ्यांनी मनापासून ऐकली. शेवंताबाई जावयाला वाढताना म्हणाली, "घ्या की अजून, जावयबापू. म्हशीनं धडक दिली म्हनं."

माऊलीनं तिथंच दौरा सोडायची गोष्ट काढली. चांगुणानंच मोडली. "मागं ठिवल्याला मानूस हाय तुम्ही. तुम्ही हितं बसल्यावर त्यांच्या मागं कोन? नदी संपवा आन् या."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळकं निघालं. फाट्यावरच्या चिंचेपर्यंत चांगुणा कॅरियरवर बसून गेली. पोरं शिट्ट्या मारत होती. चिंचेखाली तिनं उडी मारली, पुढं जाऊन हँडल धरलं आणि बजावलं, "बघा. मी हितं उतरले. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

दौरा संपल्यावर सायकली गाडीच्या डब्यात टाकून मंडळी दौंडला उतरली. राजश्रीबाईंच्या गाद्या शेवटी एकदाच्या कामी आल्या. माऊली मात्र गादीवर टेकला नाही. तसाच सायकलनं खुटबावला आला. घरी आला नाही. फाट्यावर चिंचेखाली उभा राहून घंटी वाजवत बसला. तात्याबा धोतर सावरत तिथवर गेला. "आरं घरी या की! पानी घ्या, च्या घ्या!"

"न्हाई मामा. ती हितं उतरलीया. हितनंच घेनार."

चांगुणा पिशवी घेऊन आली. नव्या चपला घातलेल्या, तात्याबानं दौंडहून आणलेल्या. कॅरियरवर बसली. मी आणि बानूबाई फाट्यावर उभे होतो. बानूबाई नांगरटीचं बघायला आली होती म्हणे. माऊलीनं टांग टाकली, दहा हात गेला नाही तोच मागं वळून बघितलं.

"हायस का?"

"हाय. पुढं बघा."

पारगावच्या वळणापर्यंत आम्हाला ऐकू येत होतं. तो काहीतरी नदीचं सांगत होता, मधेच थांबत होता, "हायस का?" विचारत होता. आणि मागून उत्तर येत होतं.